पान तपासायचं तर आधी पान सोडा

अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटना आहेत. 'अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स' १९३० पासूनची, साठ हजारांहून अधिक सभासद असलेली. 'अमेरिकन कॉलेज ऑफ पेडियाट्रिशियन्स' त्या मानाने चिमुकली. समलिंगी जोडप्यांनी मूल दत्तक घेण्याला विरोध म्हणून काही डॉक्टरांनी २००२ साली वेगळी चूल मांडली. नावं जुळ्यांसारखी, संकेतस्थळंही तितकीच नीटनेटकी.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी ही दोन संकेतस्थळं ४५ जणांपुढे ठेवली: १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि स्टॅनफर्डचेच २५ पदवी विद्यार्थी. यातलं जास्त विश्वासार्ह कोणतं, एवढंच सांगायचं होतं. २०१७ साली आलेला निकाल असा, की बहुसंख्य विद्यार्थ्यांनी फुटीर संघटनेला कौल दिला. डॉक्टरेट मिळवलेले इतिहासकारही बरेचदा गोंधळले. तथ्यतपासनीस मात्र एकजात बरोबर निघाले.

विद्यार्थी आळशी होते, असं म्हणता येणार नाही. त्यांनी पान वरपासून खालपर्यंत वाचलं. संदर्भसूची आहे का, जाहिराती आहेत का, मांडणी शास्त्रीय दिसते का, हे सगळं पाहिलं. पत्त्याच्या शेवटी 'डॉट ओआरजी' दिसल्यावर काहींना हायसं वाटलं. वास्तविक तो पत्ता पैसे भरून कोणीही घेऊ शकतो. तथ्यतपासनिसांनी पानावर जेमतेम नजर टाकली, शेजारी नवे टॅब उघडले आणि संघटनेचं नाव शोधलं. बातम्या काय म्हणतात, इतर संस्था काय म्हणतात, ते आधी पाहिलं आणि मग मूळ पानाकडे वळले. संशोधकांनी याला आडवं वाचन म्हटलं.

ग्रंथालयांच्या प्रशिक्षणाला हा निकाल जरा झोंबणारा आहे. कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाच्या चिको इथल्या ग्रंथालयात २००४ च्या सुमारास एक तपासणी-यादी तयार झाली: माहिती ताजी आहे का, विषयाशी संबंधित आहे का, लेखकाचा अधिकार काय, ती अचूक आहे का, हेतू काय. प्रश्न चांगलेच आहेत. पण विद्यार्थी त्यांची उत्तरं त्याच पानावर शोधतात आणि 'आमच्याविषयी' हा मजकूर तर संकेतस्थळाच्या मालकानेच लिहिलेला असतो. स्थळाची चौकशी मुलाच्या आईकडेच करण्यासारखं आहे हे.

विकिपीडियाचीही गंमत आहे. प्राध्यापक तो संदर्भ म्हणून चालवून घेत नाहीत, आणि ते योग्यच. पण अनोळखी संस्थेची पहिली ओळख करून घ्यायला तथ्यतपासनीस बिनदिक्कत तिथेच जातात आणि तळटीपांवरून पुढचा माग काढतात.

हे कौशल्य शिकवता येतं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यापीठाच्या नेहमीच्या अभ्यासक्रमात मोजक्या तासिका घातल्या, तरी विद्यार्थ्यांच्या तपासणीत सुधारणा दिसली.

आपल्याकडे प्रथम वर्षाला ग्रंथालय दाखवतात ते बहुधा कार्ड, पुस्तकं परत करायची मुदत आणि दंड यांपुरतं. महाविद्यालयांना ई-साहित्य पुरवणाऱ्या 'एन-लिस्ट' या योजनेतून ई-नियतकालिकं मिळतात हेही कित्येकांना परीक्षेनंतर कळतं. मराठीत आडवं वाचायला आणखी एक अडचण येते. एखाद्या औषधी वनस्पतीबद्दल मराठीत शोधलं, की एकच मजकूर दहा ठिकाणी चिकटवलेला सापडतो. दहा टॅब उघडले तरी साक्षीदार एकच. अशा वेळी मराठी विश्वकोशातली नोंद काढावी, तिथून वनस्पतीचं शास्त्रीय नाव घ्यावं आणि त्या नावाने इंग्रजीत पुन्हा शोधावं.