सेव्ह की स्पूल? बीबीसी मायक्रोच्या फायलींचा घोळ

रामबागेपासून सुदामानगरापर्यंत, इंदुरात जुनी मशीनं जागी करणारे आम्ही थोडेच. पण नवा भिडू आला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: "नोटपॅडमध्ये प्रोग्राम उघडला तर नुसता कचरा. डिस्क गेली वाटतं." बहुतेक वेळा डिस्क ठणठणीत असते. १९८४ साली सुरू झालेल्या, शाळांत संगणक शिकवण्याच्या 'क्लास' योजनेतून बीबीसी मायक्रो हा ब्रिटिश संगणक आपल्याकडच्या शाळांत पोचला. त्या काळच्या डिस्का अशा 'कचऱ्या'पायी फेकल्या जातात, याचा मला राग येतो.

साध्या टेक्स्ट फायलीत जे टाइप केलं तीच अक्षरं असतात. बेसिक या मशीनच्या प्रोग्रामिंग भाषेत 'सेव्ह' केलेली फाईल तशी नसते. तुम्ही 'प्रिंट' टाइप करता, मशीन त्या पाच अक्षरांच्या जागी २४१ हा एकच बाइट, म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा, ठेवतं. 'गोटू'चा २२९. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला १३, मग दोन बाइटांत ओळीचा क्रमांक, मग त्या ओळीची लांबी. 'लिस्ट' म्हटलं की बेसिक हे सगळं उलगडून अक्षरांत दाखवतं, आणि पडद्यावरचं तेच फायलीत आहे असं आपण धरून चालतो. नोटपॅडमध्ये 'साफसफाई' करून यूटीएफ-८ या आजच्या अक्षर-साठवणीच्या पद्धतीत ठेवलीत तर १२७ च्या वरचा एकेक बाइट फुगतो, लांबीचा हिशेब चुकतो आणि मशीन 'बॅड प्रोग्राम' म्हणून मोकळं होतं. कृपा करून हे करू नका.

टेक्स्ट हवं असेल तर आधी 'लिस्टओ ०', नाहीतर इंडेंटसाठी घातलेल्या जास्तीच्या जागाही फायलीत उतरतात. मग '*स्पूल' (पडद्यावर येणारं सगळं फायलीत उतरवणारी आज्ञा) आणि फायलीचं नाव, मग 'लिस्ट', शेवटी नुसतं '*स्पूल'. झालं.

परतीची वाट '*एक्झेक'. ही आज्ञा फाईल लोड करत नाही. कुणीतरी कीबोर्डवर बसून भराभर टाइप करावं, तशी ती फाईल वाचली जाते. म्हणून आधी 'न्यू' देऊन जुना प्रोग्राम पुसा, नाहीतर जुन्या प्रोग्रामच्या ओळी नव्यात मिसळतात. क्रमांक नसलेली ओळ आली की ती तिथल्या तिथे चालते! क्रमांक टाकायचा कंटाळा असेल तर फायलीच्या पहिल्या ओळीत 'ऑटो' लिहा, मशीन क्रमांक आपोआप देईल. आणि लिनक्सवरची फाईल असेल तर ओळी नुसत्या १० या बाइटने संपतात. मशीनला ओळीच्या शेवटी १३ लागतो. तो नसला की सगळी फाईल एकच ओळ समजली जाते, आणि २३८ अक्षरांनंतर नुसते बीप ऐकत बसायचं.

एडिटर कुठला, हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. मशीनवरच लिहायचं तर वर्डवाइज हा वर्ड प्रोसेसर घ्या: तो वापरतो त्या मोड ७ या पडद्याच्या प्रकाराला १ के (किलोबाइट) मेमरी लागते. व्ह्यू हा दुसरा वर्ड प्रोसेसर ८० कॉलममध्ये, मोड ३ वर चालवलात तर ३२ के मशीनमधले १६ के पडद्यालाच जातात. छोट्या मशीन कोडसाठी (प्रोसेसरच्या स्वतःच्या सूचनांसाठी) वेगळा असेंब्लर, म्हणजे त्या सूचना तयार करणारा प्रोग्राम, शोधूच नका, तो बेसिकमध्येच आहे, चौकटी कंसात लिहायचं. मोठं काम असेल तर आजच्या संगणकावर बीबअॅझम हा असेंब्लर वापरा. बेसिक प्रोग्राम द्यायचा तर त्याला मात्र स्पूल केलेलं टेक्स्टच द्या. त्याची 'पुटबेसिक' आज्ञा त्या टेक्स्टचे 'सेव्ह'सारखे बाइट करून डिस्क इमेजवर (डिस्कच्या फाईलरूपी नकलेवर) ठेवते, आणि 'पुटटेक्स्ट' ओळींचे शेवटही सुधारून देते.