डेल्टा: स्टार्टरच्या पेटीपासून कोरोनापर्यंत

२०२१ च्या उन्हाळ्यात टीव्हीवर दिवसभर 'डेल्टा, डेल्टा' सुरू झालं, तरी अमरावती जिल्ह्यातल्या वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्याला हा शब्द नवा नव्हता. बोअरवर मोठी मोटर बसवायची तर स्टार-डेल्टा स्टार्टर लागतो. सबमर्सिबल असेल तर मोटरीची सहा टोकं वर आणावी लागतात, म्हणून एकाऐवजी दोन केबल सोडायच्या. तो खर्च ज्याने केलाय त्याला डेल्टा काय ते वेगळं सांगायची गरज नाही.

मोटरीत तीन वाइंडिंग, म्हणजे तांब्याच्या तारेची वेटोळी, असतात. स्टारमध्ये तिघींचं एकेक टोक एकत्र बांधलेलं असतं, त्यामुळे ४१५ व्होल्टच्या लाइनवर प्रत्येकीला २४० च्या आसपासच व्होल्ट मिळतात आणि सुरुवातीचा करंट थेट डेल्टावर सुरू केल्याच्या एक-तृतीयांश राहतो. मोटरीने वेग घेतला की पेटीत खटका वाजतो, एक कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारा स्विच) सुटतो, दुसरा धरतो. आता एकीचं शेवटचं टोक दुसरीच्या पहिल्या टोकाला, असा बंद त्रिकोण तयार होतो. ग्रीकांचं डेल्टा हे अक्षर मोठ्या लिपीत असंच त्रिकोणी (Δ), म्हणून हे नाव. लाइन कमजोर असली की मोटर स्टारवर वेगच घेत नाही आणि डेल्टावर जाताच स्टार्टर पडतो. थ्री फेज मोटर आजच्या रूपात आणली ती बर्लिनच्या एईजी कंपनीतल्या दोलिवो-दोब्रोवोल्स्की या रशियन इंजिनिअरने, १८८९ च्या सुमारास.

अक्षर अर्थातच फार जुनं. ग्रीकांनी ते फिनिशियन लिपीतल्या 'दालेत'वरून घेतलं. ग्रीक वर्णमालेत त्याची जागा चौथी, आणि आकडा म्हणून लिहिलं तर किंमतही चार. नाईल नदीच्या मुखाशी गाळाने तयार झालेल्या प्रदेशाला डेल्टा म्हणण्याची पद्धत इ.स.पू. पाचव्या शतकातल्या हेरोडोटसच्या लेखनातही दिसते. भूगोलात आपण त्याला त्रिभुज प्रदेश म्हणतो. विदर्भाला समुद्र नाही, पण वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, ती गोदावरीला मिळते, आणि आंध्रातल्या त्या सुपीक त्रिभुज प्रदेशात आपल्या रानातली माती थोडी का होईना आहेच. गणितात डेल्टा म्हणजे फरक, बदल. दहावीच्या बीजगणितात तो वर्गसमीकरणाचा विवेचक होऊन भेटतो आणि बहुतेकांचा निरोप तिथेच घेतो.

कोरोनाचं प्रकरण मात्र आपल्या दारातलं. दुसऱ्या लाटेची चाहूल फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती, अकोला, यवतमाळकडे लागली. २२ फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपूर पुन्हा बंद झाले. मार्चमध्ये 'डबल म्युटंट', म्हणजे दोन ठळक बदल झालेला विषाणू, हा शब्द आला. बाहेरच्या बातम्यांत 'इंडियन व्हेरियंट' आणि आपल्याकडच्या चर्चेत अमरावतीचं नाव, अशी पाटी लागायला लागली होती. १२ मे रोजी केंद्र सरकारने 'इंडियन' या शब्दावर हरकत घेतली. ३१ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने गावादेशांच्या नावांऐवजी ग्रीक अक्षरं वापरायचं जाहीर केलं. ब्रिटनमध्ये आधी सापडलेला तो अल्फा, दक्षिण आफ्रिकेतला बीटा, ब्राझीलमधला गॅमा. चौथा बी.१.६१७.२, तो डेल्टा; त्याचाच भाऊबंद बी.१.६१७.१ कप्पा झाला. अमरावतीत पिकलेलं संत्रंसुद्धा 'नागपुरी' म्हणूनच विकलं जातं. निदान हा रोग तरी जिल्ह्याच्या नावावर चढला नाही, हे बरंच झालं.

अक्षरं क्रमाने वापरायची असं ठरलं होतं, पण २६ नोव्हेंबर २०२१ रोजी नव्या प्रकाराला नाव देताना संघटनेने दोन अक्षरं ओलांडली. 'न्यू'चा उच्चार इंग्रजीतल्या नव्यासारखा होतो म्हणून तो गाळला, 'झाय' इंग्रजीत लिहिला की एका सर्रास आडनावासारखा दिसतो म्हणून तोही. उरला तो ओमिक्रॉन.