इंटरप्ट नंबर शून्य: आकडा की नकार?

इंटरप्ट म्हणजे उपकरणाने प्रोसेसरला दिलेली 'इकडे लक्ष दे' अशी हाक; प्रत्येक हाकेच्या लाइनला एक नंबर असतो. आयबीएमच्या मूळ पीसीत शून्य क्रमांकाची इंटरप्ट लाइन टायमरला दिलेली होती. 1984च्या एटी मशीनमध्ये इंटरप्ट सांभाळणाऱ्या 8259 जातीच्या दोन चिप आल्या, वापरण्याजोग्या 15 लाइन झाल्या, पण टायमर शून्यावरच राहिला. कार्डावरचे जम्पर (पिना जोडणारे छोटे तुकडे) हलवून नंबर ठरवण्याचा तो काळ.

पुढे लिनक्स अनेक प्रोसेसरांवर गेलं आणि 'इंटरप्टच नाही' हे कसं सांगायचं, यावरून घोळ सुरू झाला. एआरएम प्रोसेसरवाले उणे एक वापरत. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) सर्वोच्च पातळीवरून निवाडा आला: शून्य म्हणजे 'नाही'. कारण साधं होतं. सी भाषेत शून्य तपासणं सोपं, आणि शून्यांनी भरलेल्या नव्या स्ट्रक्चरचा (माहितीच्या गठ्ठ्याचा) अर्थ आपोआप 'इंटरप्ट नाही' असा होतो. पीसीचा टायमर त्या प्रोसेसर-जातीसाठीच्या खास कोडमध्येच हाताळला जातो, त्यामुळे साध्या ड्रायव्हरना (उपकरणं चालवणाऱ्या कोडला) त्याची अडचण नव्हती. ज्यांच्या बोर्डावर खरोखरच शून्य नंबरवर उपकरण होतं, त्यांना हे पटलं नाही. पण इंटरप्ट डोमेन ही हार्डवेअरचे नंबर कर्नलच्या नंबरांशी जोडणारी सोय आल्यावर त्यांच्या तक्रारीत फारसा दम उरला नाही: हार्डवेअरची शून्य लाइन कर्नलमध्ये कुठल्याही नंबरावर बसवता येते.

तरी ड्रायव्हरला इंटरप्टचा नंबर देणारं 'प्लॅटफॉर्म गेट आयआरक्यू' हे फंक्शन बरीच वर्षं शून्य परत करू शकत होतं. ड्रायव्हरांनी मग तऱ्हेतऱ्हेच्या तपासण्या लिहिल्या. कोणी उत्तर अनसाइन्ड (ऋण आकडा न मावणाऱ्या) व्हेरिएबलमध्ये ठेवून ते ऋण आहे का पाहिलं. ती अट कधीच खरी होत नाही. कोणी 'शून्य किंवा कमी' तपासून तोच आकडा प्रोबमधून (उपकरण सुरू करणाऱ्या फंक्शनमधून) परत केला, आणि तिथे शून्य म्हणजे यश; म्हणजे इंटरप्ट मिळाला नाही, तरी प्रोब यशस्वी!

2019मध्ये 5.4 आवृत्तीत एरर छापण्याचं काम त्या फंक्शननेच घेतलं, आणि इंटरप्ट नसला तरी गप्प राहणारं 'ऑप्शनल' भावंड आलं. हे नाव मात्र फसवं. क्लॉक मिळवणारं 'ऑप्शनल' फंक्शन क्लॉक नसेल तर नल (रिकामं उत्तर) देतं, इंटरप्टचं मात्र एरर देतं. 2022मध्ये 'सायलेंट' हे नाव सुचवलं गेलं. ते स्वीकारलं गेलं नाही.

त्याच वर्षी शून्य परत करणं अखेर बंद झालं. सुपरएच जातीच्या प्रोसेसरच्या बोर्डांना त्याचा फटका बसला, कारण तिथे शून्य नंबर खरोखर वापरात होता. 2023मध्ये त्यांचे इंटरप्ट नंबर 16ने पुढे सरकवून ते मिटवलं.