नारळ मिळालेला आवाज

स्लोडाइव्ह या इंग्लिश रॉक बँडच्या 'एव्हरीथिंग इज अलाइव्ह' या अल्बममधलं पहिलं गाणं, 'शँटी', सुरू होतं ते सिंथेसायझरवर. चारदोन स्वरांचं एक चक्र फिरत राहतं आणि गिटार त्यावर मागाहून येऊन बसते. १ सप्टेंबर २०२३ला अल्बम आला त्या रात्री मी दिवा मालवून, हेडफोन लावून तो सलग दोनदा ऐकला. आठ गाणी, चाळीसेक मिनिटं. ओळखीतले बहुतेक चाहते म्हणाले, "वा, पुन्हा 'सूव्लाकी'चा काळ!" 'सूव्लाकी' म्हणजे बँडचा १९९३मधला अल्बम. मला त्यांचं म्हणणं पटलं नाही, अजूनही पटत नाही. या अल्बमचं मूळ 'पिग्मेलियन'मध्ये आहे. म्हणजे ज्या अल्बमपायी कंपनीनं या बँडला नारळ दिला, त्यात. का, ते सांगायचं तर जरा मागे जावं लागेल.

लंडनच्या पश्चिमेला, रेल्वेनं जेमतेम अर्ध्या तासावर रेडिंग नावाचं गाव आहे. नील हॅल्स्टेड आणि रेचल गॉसवेल ही दोघं तिथली, लहानपणापासूनची दोस्त. १९८९मध्ये त्यांनी बँड उभा केला. बेसवर निक चॅप्लिन आला. आणखी एक गिटारवादक हवा होता, शक्यतो मुलगी, अशी जाहिरात दिली. उत्तर एकट्या ख्रिश्चन सॅव्हिलचं आलं. गरज पडली तर फ्रॉक घालतो, असं त्यानं पत्रात लिहिलं होतं. घेतला त्याला. ड्रमवर थोड्याच दिवसांत सायमन स्कॉट स्थिरावला. तेव्हा हे सगळे जेमतेम विशीत होते आणि अ‍ॅलन मॅगीच्या क्रिएशन रेकॉर्ड्स या कंपनीनं त्यांना उचललं.

तो आवाज नेमका कसा तयार होतो? तार छेडली की सिग्नल वायरमधून पायाशी मांडलेल्या धातूच्या डब्यांच्या रांगेत शिरतो. एक डबा त्याला खरखरीत करतो. डिलेचा डबा त्याच्या नकला काढून थोड्या थोड्या अंतरानं मागे सोडत जातो. रिव्हर्बचा डबा त्या सगळ्याला एखाद्या प्रचंड रिकाम्या दालनात नेऊन ठेवल्यासारखा घुमवतो. अशा तीन गिटारी एकदम वाजल्या की कोणता स्वर कोणाचा हे उरतच नाही. डबे पायानं दाबायचे, म्हणून वाजवणाऱ्याची नजर सतत खाली. ब्रिटिश संगीत साप्ताहिकांनी अशा बँडना 'शूगेझर' म्हणायला सुरुवात केली, म्हणजे आपल्याच बुटांकडे टक लावून बघणारे. आपल्याकडे 'नाव ठेवणे'चे जे दोन अर्थ आहेत, ते दोन्ही इथे लागू पडतात.

गायनही त्याच धुक्यात बुडवलेलं असतं. मराठी कानाला पहिली ठेच इथे लागते. आपण भावगीतांवर वाढलेली माणसं. शब्द स्वच्छ ऐकू आला नाही तर गाणं बिघडलं असंच वाटतं. आईनं एकदा खोलीत डोकावून विचारलं होतं, "ती बाई नक्की म्हणतेय तरी काय?" मला तेव्हा सांगता आलं नाही आणि खरं सांगायचं तर आजही काही गाणी मला नीटशी कळत नाहीत. रेचलचा आवाज हे इथे आणखी एक वाद्य आहे.

पहिला अल्बम 'जस्ट फॉर अ डे' सप्टेंबर १९९१च्या सुरुवातीला आला आणि ब्रिटनच्या अल्बम-खपाच्या यादीत ३२व्या क्रमांकापर्यंत गेला. वेळ मात्र फार वाईट होती. त्याच महिन्याच्या शेवटी निर्वाणा या अमेरिकन बँडचा 'नेव्हरमाइंड' आला आणि सगळ्यांना घाम, आरडाओरडा, फाटके स्वेटर हवेसे झाले. जी साप्ताहिकं वर्षभर या पोरांना डोक्यावर घेऊन नाचत होती, त्यांनीच त्यांना खाली आपटलं.

'सूव्लाकी' (१९९३) या अशा दिवसांतला. मॅगीनं आधी दाखवलेली ढीगभर गाणी नाकारली. मध्येच नील आणि रेचल यांचं प्रेमाचं नातं संपलं आणि तो वेल्समधल्या एका कॉटेजमध्ये जाऊन एकटा गाणी लिहीत बसला. तीच गाणी घेऊन दोघांनी पुन्हा एका माइकपाशी उभं राहायचं, याची कल्पना करून बघा. त्याआधी नीलनं ब्रायन ईनो या नामांकित संगीतकार-निर्मात्याला पत्र लिहिलं होतं, आमचा अल्बम कराल का म्हणून. ईनोनं अख्खा अल्बम अंगावर घेतला नाही, पण नीलबरोबर काही दिवस स्टुडिओत बसला. त्यातून दोन गाणी निघाली. बाकी शीर्षकात गूढ वगैरे काही नाही. अमेरिकेतल्या एका जोडगोळीच्या, फोनवर लोकांची टवाळी करणाऱ्या रेकॉर्डिंगमधून उचललेलं ते एका ग्रीक कबाबाचं नाव आहे.

आज हा अल्बम या प्रकारातला मानदंड समजला जातो. तेव्हा मात्र 'मेलडी मेकर'च्या समीक्षकानं लिहिलं होतं की हे पुन्हा ऐकण्यापेक्षा लापशीच्या टबात गुदमरून मेलेलं पत्करलं. मॅनिक स्ट्रीट प्रीचर्स या बँडच्या रिची एडवर्ड्सनं तर हिटलरपेक्षा स्लोडाइव्हचा जास्त तिरस्कार करतो, असं सांगून टाकलं होतं. दीडदोन वर्षं शिव्या खाल्लेल्या बँडनं यानंतर काय करायला हवं होतं? दोनचार गुणगुणता येतील अशी गाणी.

नीलनं नेमकं उलट केलं. त्याच्या कानात तेव्हा अँबियंट आणि टेक्नो हे इलेक्ट्रॉनिक संगीताचे प्रकार भरलेले होते. 'पिग्मेलियन'मध्ये गिटारीचे तुकडे कापून, त्यांचे लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारी चक्रं, करून, मध्ये भरपूर मोकळी जागा सोडून त्यानं गाणी रचली. 'रुटी' हे पहिलंच गाणं दहा मिनिटांचं आहे आणि त्यात घडत जवळपास काहीच नाही. सायमन स्कॉट तोवर बँड सोडून गेला होता. अल्बम आला फेब्रुवारी १९९५मध्ये. क्रिएशनचा ४९ टक्के हिस्सा तेव्हा सोनीकडे होता आणि आदल्याच वर्षी ओअॅसिस या बँडनं कंपनीला घबाड मिळवून दिलं होतं. दहा मिनिटं काहीच न घडणाऱ्या गाण्याला तिथे कोण विचारणार? आठवड्याभरात करार संपला. ब्रिटनच्या यादीत अल्बमचा क्रमांक होता १०८.

मधली वर्षं भराभर सांगता येतात. नील आणि रेचलनं त्याच वर्षी मोहावे ३ हा बँड काढला आणि ४एडी या कंपनीकडून शांत, अमेरिकी कंट्री संगीताच्या वळणाची गाणी केली. स्कॉट इलेक्ट्रॉनिक संगीतात रमला. इकडे इंटरनेटवर पोरं 'सूव्लाकी' एकमेकांना देत राहिली. तो ज्यांनी तुडवला ती साप्ताहिकं बंद पडत गेली, अल्बम उरला. २०१४मध्ये पाचही जण बार्सिलोनाच्या प्रिमावेरा महोत्सवासाठी एकत्र आले. २०१७मध्ये बँडच्याच नावाचा अल्बम डेड ओशन्स या कंपनीनं काढला. मध्ये २२ वर्षं गेली होती.

म्हणून नव्या अल्बमचं मला वेगळं कौतुक आहे. नीलनं सुरुवात केली ती सिंथेसायझरवरच्या कच्च्या तुकड्यांपासून, इलेक्ट्रॉनिक अल्बम करायच्या बेतानं. मग बाकीचे चौघे आले, गिटारी चढल्या, ड्रम आले. सांगाडा मात्र तोच राहिला, 'चेन्ड टू अ क्लाउड'मध्ये तर उघड दिसतो. १९९५मध्ये जे काम नीलनं जवळजवळ एकट्यानं रेटलं होतं, ते इथे पाच जणांनी मिळून केलंय. फरक तेवढाच आणि तोच फार मोठा. 'पिग्मेलियन' ऐकताना मला कायम एक रिकामं घर दिसतं. या नव्या अल्बमच्या घरात माणसं आहेत. २०२०मध्ये रेचलची आई आणि सायमनचे वडील गेले. अल्बम त्या दोघांना अर्पण केला आहे, आणि तरी तो रडका नाही. शेवटचं 'द स्लॅब' मला जरा जड जातं, तेवढं सोडा. ब्रिटनच्या यादीत अल्बम सहाव्या क्रमांकावर गेला. पहिल्या दहात येण्याची बँडची ही पहिलीच वेळ.

परवा स्वयंपाकघरात छोट्या स्पीकरवर 'किसेस' लावलं होतं. सगळ्यात सुटसुटीत गाणं, शब्दही बऱ्यापैकी लागतात. आई मटार सोलत होती. म्हणाली, "ही तीच बाई का रे?" म्हटलं, "नाही, यात तो गातोय." ती क्षणभर थांबली. "मागे आहे की ती."

होती.