ई१०००ई: संशय ड्रायव्हरवर, चूक भलतीकडेच

सप्टेंबर २००८. लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) २.६.२७ ची चाचणी चालू होती आणि काही मशीनवरची इंटेलची नेटवर्क कार्डं बंद पडू लागली. ती ई१०००ई या ड्रायव्हरवर, म्हणजे कर्नलमधल्या कार्ड चालवणाऱ्या कोडवर, चालायची. एरवी असा बग आला की जुना कर्नल बूट करून काम भागतं. इथे जुन्या कर्नलवरही कार्ड उठेना.

कार्डावरच्या कायमस्वरूपी मेमरीतला मजकूरच बिघडला होता. मॅक अ‍ॅड्रेस (कार्डाचा नेटवर्कवरचा ओळख क्रमांक), सेटिंग्ज सगळं तिथेच असतं. सुरू होताना ड्रायव्हर त्यातल्या पहिल्या ६४ शब्दांची, म्हणजे १६ बिटांच्या तुकड्यांची, १६ बिटांत बेरीज करतो. ती ४७८०२ आली नाही, तर चेकसम (मजकूर शाबूत आहे का हे तपासायची बेरीज) चुकीचा असल्याचं सांगून तो कार्ड हातीच घेत नाही.

बोट अर्थातच ड्रायव्हरकडे गेलं. काहींनी ग्राफिक्सवरही संशय घेतला. लिनक्सच्या अनेक डिस्ट्रिब्युशन्सनी (तयार आवृत्त्या देणाऱ्यांनी) चाचणी आवृत्त्यांमधून ड्रायव्हरच काढून ठेवला. मूळ कारण सापडण्याआधी इंटेलच्या लोकांनी त्या मेमरीला लिहिण्यापासून कुलूप घातलं. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो: कोणाची चूक हे ठरायची वाट न पाहता आधी लोकांची कार्डं वाचवली.

खरा दोषी निघाला एफट्रेस, कर्नलमधली फंक्शन कॉल टिपणारी सोय. कॉल होतो त्या जागेचा पत्ता ती टिपून ठेवायची आणि मागाहून तिथे प्रोसेसरसाठी काहीच न करणारी सूचना लिहायची. पण मॉड्यूलचा (कर्नलला गरजेनुसार जोडायच्या भागाचा) सुरुवातीचा कोड एकदाच चालतो आणि मग त्याची मेमरी मोकळी होते. टिपलेला पत्ता यादीत तसाच राहायचा. तोच पत्ता कर्नलने पुढे कार्डाच्या फ्लॅशला (त्याच कायमस्वरूपी मेमरीला) दिला, की एफट्रेस थेट तिथे लिहायला जायचं. ‘जुनी सूचना जुळली तरच बदल’ अशी खबरदारी होती, त्यासाठी सीएमपीएक्सचेंज ही ‘तुलना करून बदल’ करणारी प्रोसेसरची सूचना वापरली होती. मात्र एक्स८६ वर (नेहमीच्या पीसीतल्या प्रोसेसरवर) ही सूचना जुळणी फसली तरी वाचलेलं मूल्य परत लिहिते. साध्या रॅमला त्याने काही होत नाही. फ्लॅशच्या बाबतीत ते लिहिणंच घातक ठरलं.

ऑक्टोबरमध्ये २.६.२७.१ ने डायनॅमिक एफट्रेस, म्हणजे चालू कोडमध्ये असा बदल करणारा भाग, बंद केला. २.६.२८ पासून कॉलच्या जागांची यादी कंपाइल करतानाच, म्हणजे कर्नल तयार होतानाच, बनू लागली. ड्रायव्हरमधलं कुलूप मात्र काढलं नाही.