रूट कॅनलच्या दोन भेटींमधील टेम्पररी फिलिंग : आमच्या दंतवैद्य ग्राहकांसाठी माहिती

रूट कॅनलचे काम एका बैठकीत पूर्ण होत नसेल, तेव्हा आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड (जंतुनाशक औषध) ठेवून दात टेम्पररी फिलिंगने बंद केला जातो. या काळात फिलिंगच्या कडेने लाळ व तिच्यासोबत जंतू आत झिरपले, तर कॅनल (दाताच्या मुळातील नळी) स्वच्छ करण्यासाठी घेतलेले श्रम वाया जातात. त्यामुळे कोणते मटेरियल द्यावे, असे विचारणाऱ्या डॉक्टरांना आम्ही आधी पुढची भेट किती दिवसांनी आहे आणि फिलिंगला जाडी किती मिळणार आहे, हे विचारतो.

कॅव्हिटसारख्या तयार पेस्टमध्ये झिंक ऑक्साइड आणि कॅल्शियम सल्फेट असते. ती ओलावा शोषून घट्ट होते आणि होताना फुगत असल्याने दाताच्या भिंतींना दाबून बसते. म्हणूनच पोकळी अगदी कोरडी न करता किंचित ओलसर ठेवावी आणि पेस्ट तळापासून थोडी थोडी दाबत भरावी. मात्र किमान ३.५ मिलिमीटर जाडी मिळाली नाही, तर तिच्याकडून चांगल्या सीलची अपेक्षा करू नये. खाली कापसाचा मोठा बोळा ठेवल्यास नेमकी हीच जाडी कमी होते, शिवाय कडेला अडकलेला एखादा धागा लाळेला वाट करून देतो. टेफ्लॉन टेपचा पातळ थर त्यापेक्षा बरा. (विक्रेत्याने असे म्हणणे विचित्र वाटेल, पण अपुऱ्या जाडीची भरपाई महागड्या मटेरियलने होत नाही.)

आयआरएम हे पॉलिमरने बळकट केलेले झिंक ऑक्साइड-युजेनॉल (युजेनॉल म्हणजे लवंगेच्या तेलातील घटक) चावण्याचा दाब अधिक सोसते, परंतु प्रयोगशाळेतील अनेक रंगद्रव्य-चाचण्यांत (रंग फिलिंगच्या कडेने किती आत झिरपतो हे पाहणाऱ्या) त्याच्या कडेने कॅव्हिटपेक्षा जास्त गळती आढळली आहे. रंगद्रव्याचे कण जंतूंपेक्षा फार लहान असल्याने या निकालांवरून क्रमवारी लावणे आम्हाला योग्य वाटत नाही. तरीही मजबुती आणि सील हे दोन वेगळे गुण आहेत, एवढे त्यांतून नक्की दिसते. युजेनॉलमुळे रेझिन नीट घट्ट होत नाही, म्हणून पुढे कंपोझिट (दाताच्या रंगाचे रेझिनचे फिलिंग) करायचे असल्यास हे मटेरियल टाळलेले बरे.

भेट काही आठवडे लांबणार असेल किंवा दाताची एखादी भिंत तुटलेली असेल, तर कॅव्हिटवर ग्लास आयोनोमर या दंत-सिमेंटचा थर द्यावा, कारण ते दाताला रासायनिक रीतीने चिकटते. पेस्टची डबी वापरानंतर लगेच घट्ट बंद करावी. विशेषतः पावसाळ्यात कोकणातील दमट हवेत उघडी राहिलेली पेस्ट डबीतच कडक होऊ लागते.