सारस (प्रवासी विमान)

सारस हे बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज (एनएएल) या संस्थेने घडवलेले 14 आसनी, दोन टर्बोप्रॉप (टर्बाइनवर पंखा फिरवणाऱ्या) इंजिनांचे विमान. भारतात आराखडा होऊन उडालेले हे पहिले बहुउद्देशीय हलके प्रवासी विमान होय. त्याचे चाचणीसाठी बांधलेले नमुने उडाले, पण कारखान्यातून एकही विमान विक्रीला बाहेर पडले नाही.

प्रकल्पाची सुरुवात 1991च्या सुमारास रशियातील मायासिश्चेव्ह या संस्थेच्या भागीदारीत झाली. सोव्हिएत संघ कोसळल्यावर ती भागीदारी तुटली. 1998च्या पोखरण चाचण्यांनंतर आलेल्या निर्बंधांनी सुट्या भागांची वाट अडवली. सप्टेंबर 1999 मध्ये सरकारी मंजुरी मिळाली आणि 29 मे 2004 रोजी पहिला नमुना बंगळुरूत उडाला.

याचे पंखे (प्रोपेलर) नेहमीसारखे पुढे नाहीत. शेपटीजवळ, धडाच्या दोन्ही बाजूंच्या आखूड पंखांवर इंजिने आहेत आणि त्यांचे पंखे मागे तोंड करून विमानाला ढकलतात. त्यामुळे मुख्य पंखावरची हवा नितळ राहते, केबिनमध्ये आवाजही कमी पोहोचतो. मात्र धड आणि पंखांवरून ढवळून आलेल्या हवेत पाती फिरतात, आणि इंजिने पेलायला शेपटीकडचा सांगाडा भक्कम करावा लागतो. अशा सांगाड्याला वजन लागते.

आणि वजन हेच सारसचे खरे दुखणे ठरले. रिकाम्या विमानाचे वजन 4,125 किलो धरले होते. पहिला नमुना त्याहून सुमारे 900 किलोंनी जड भरला. वाहून नेण्याचा ठरवलेला भारच 1,232 किलो होता. म्हणजे दहा प्रवासी सामानासकट खाली उतरवावेत, इतकी ही वाढ. एप्रिल 2007 मध्ये उडालेल्या दुसऱ्या नमुन्याला म्हणून 850ऐवजी 1,200 अश्वशक्तीची इंजिने बसवली.

मराठवाड्यासारख्या भागाला या आकाराच्या विमानाची गरज होती, असे ठामपणे म्हणता येते. लातूर, धाराशिव, नांदेड इथे धावपट्ट्या आहेत, पण लातूरकर मुंबईला जातो तो रात्रीच्या रेल्वेने नाहीतर ट्रॅव्हल्सने. 27 एप्रिल 2017 रोजी उडान या लहान शहरांना विमानसेवेने जोडणाऱ्या केंद्राच्या योजनेतली नांदेड–हैदराबाद सेवा सुरू झाली ती सत्तरेक आसनांच्या एटीआर विमानाने. काही वर्षांत ती थांबली. एवढ्या आसनांना रोज प्रवासी मिळवणे लहान शहराला जड जाते. चौदा माणसे मात्र लातुरातही रोज मिळतील.

6 मार्च 2009 रोजी दुसरा नमुना चाचणी उड्डाणात बंगळुरूजवळ बिडदी इथे कोसळला. वायुसेनेचे तीन अधिकारी मृत्युमुखी पडले. हवेत एक इंजिन मुद्दाम बंद करून पुन्हा सुरू करण्याची ती चाचणी होती. बंद इंजिनाच्या पंख्याची पाती वळून वाऱ्याला सपाट बाजूऐवजी कड देऊन राहिली नाहीत तर तो पंखा विमानाला मागे ओढतो, आणि सावरायला उंची लागते. चौकशीत इंजिन पुन्हा सुरू करण्याची आखून दिलेली पद्धतच चुकीची आणि त्यासाठीची उंची अपुरी ठरली. वैमानिकांमधला समन्वय आणि नियंत्रणांची हाताळणी यांनाही अहवालाने सहायक कारणे मानले, पण मूळ दोष कागदावरच्या कृतीत होता. हे नोंदवणे त्या तिघांचे देणे आहे.

त्यानंतर प्रकल्प रेंगाळला आणि निधीही थांबला. 2017 मध्ये पुनरुज्जीवन झाले, जुना पहिला नमुना दुरुस्त करून 24 जानेवारी 2018 रोजी पुन्हा उडवला गेला, आणि 19 आसनांच्या मार्क 2 या नव्या आराखड्याचे काम हाती घेण्यात आले.